मेणबत्ती अधिक काळ कशी टिकेल?

आपल्या बहुतेक ख्रिस्ती घरांत, कपाटाच्या एखाद्या खणात, कागदात गुंडाळून ठेवलेली एक मेणबत्ती असते. मुलाच्या स्नानसंस्काराच्या वेळी पास्काच्या मेणबत्तीवरून ती पेटवलेली असते. पुढे प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या दिवशी ती पुन्हा बाहेर काढली जाते. मरणासन्न माणसाच्या हाती आशीर्वादित मेणबत्ती देण्याची जुनी प्रथा ज्या घरांनी जपली आहे, तेथे कधी कधी तीच अखेरची सोबत करते. अशी मेणबत्ती मे महिन्याच्या उन्हाळ्यात वाकून गेली किंवा पंख्याच्या वाऱ्यात एका बाजूने ओघळून संपली, तर घरच्यांना लागणारी हळहळ पैशांत मोजता येत नाही. म्हणून मेणबत्ती जळते कशी आणि ती टिकवावी कशी, याची थोडी माहिती येथे देत आहोत.

वात जळते आणि मेण तिला आधार देते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः जळते ते मेणच. ज्योतीच्या उष्णतेने वातीभोवतीचे मेण वितळते, त्याची लहानशी वाटी तयार होते, ते द्रव मेण वातीतून वर चढते, त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. मेणबत्ती विझल्यावर जी पांढरी धुराची रेघ वर जाते, ती ही न जळलेली वाफच होय. त्या रेघेला जळती काडी लावली, तर ज्योत धुरातून उडी घेऊन वातीवर येते. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात केवळ मेणबत्ती या विषयावर मुलांसाठी सहा व्याख्याने दिली, त्यांत हा प्रयोग दाखवला होता. आपल्या घरातील मुलांनाही तो जरूर दाखवावा, अर्थात मोठ्यांच्या देखरेखीखाली.

साध्या घरगुती मेणबत्तीत ताशी साधारण ६ ते ७ ग्रॅम मेण जळते. म्हणजे ५० ग्रॅम वजनाची मेणबत्ती नीट जळाली तर सात-आठ तास पुरावी. ऑक्टोबरमध्ये रोज संध्याकाळी पवित्र माळेच्या प्रार्थनेसाठी वीस मिनिटे ती लावली, तरी तीन आठवडे निघतात. प्रत्यक्षात मात्र ती आठ-दहा दिवसांतच संपल्याचा अनुभव अनेकांना येतो. उरलेले मेण जाते कोठे? ते जळत नाही, वाया जाते. आणि त्याला मुख्यतः दोन गोष्टी कारणीभूत असतात : लांब वात आणि वारा.

वात लांब असली की ती गरजेपेक्षा जास्त मेण वर ओढते. ज्योत मोठी होते, फडफडते, काजळी धरते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जळत्या मेणबत्तीची वात खास कात्रीने वारंवार छाटावी लागे. १८२५ च्या सुमारास कांबासेरेस या फ्रेंच संशोधकाने पिळाच्या दोऱ्याऐवजी वेणीसारखी विणलेली वात वापरात आणली. ती जळताना बाजूला वाकते आणि तिचे टोक ज्योतीच्या कडेला आपोआप जळून जाते. तरीही साध्या मेणबत्त्यांच्या वातीच्या टोकावर काळी गाठ राहतेच. म्हणून पुन्हा पेटवण्यापूर्वी वात पाव इंच, म्हणजे ६ मिलिमीटर ठेवून बाकीची छाटावी. एवढी एकच सवय लावली तरी फरक दिसून येतो.

वाऱ्याचे नुकसान त्याहून मोठे. ज्योत एका बाजूला झुकली की त्या बाजूचा काठ वितळतो, वाटी फुटते आणि मेण खाली ओघळते. आल्तार खिडकीसमोर किंवा पंख्याखाली असेल, तर प्रार्थनेपुरता पंखा बंद ठेवावा किंवा काचेचे उघडे नळकांडे भोवती ठेवावे. मात्र त्याला खालून हवा मिळाली पाहिजे. २ नोव्हेंबरला, परलोकवासी भाविकांच्या स्मृतिदिनी, दफनभूमीत हे फार जाणवते. आपण कबरीवर मायेने दहा-बारा मेणबत्त्या दाटीवाटीने लावतो. त्या एकमेकींच्या उष्णतेनेच वितळतात आणि प्रार्थना संपण्याआधी मेणाचा एक गोळा उरतो. दोन मेणबत्त्यांत निदान चार बोटांचे अंतर हवे. त्याहून उत्तम म्हणजे, तळाशी वाळू घातलेल्या काचेच्या बरणीत एकच जाड मेणबत्ती लावावी. ती रात्री उशिरापर्यंत तेवत राहते. (कबरीवरच्या सुक्या फुलांपासून आणि कागदी सजावटीपासून ती दूर असावी, हे सांगायला नकोच.)

मेणबत्ती फ्रीजमध्ये ठेवली की दुप्पट टिकते, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ज्योतीजवळचे मेण काही मिनिटांतच वितळते आणि बाकीची मेणबत्तीही लवकरच खोलीच्या तपमानावर येते. तेव्हा त्या गारव्याचा फायदा नाममात्र. उलट मेणाला तडे जाण्याचा धोका असतो. वातीभोवती मीठ घालण्याचा उपायही आम्ही सुचवणार नाही. मिठाचे कण वातीत अडकले की मेण वर चढण्यास अडथळा होतो आणि ज्योत तडतडते.

जाड मेणबत्तीचे तंत्र थोडे वेगळे आहे. ती पहिल्यांदा लावताना जितके इंच तिची रुंदी, साधारण तितके तास जळू द्यावी, म्हणजे वितळलेले मेण काठाजवळ पोचते. पाच-दहा मिनिटांतच विझवत राहिलो, तर मध्ये विहीर पडते आणि कडेचे मेण तसेच राहून जाते.

विझवताना फुंकर घालू नये. चर्चमध्ये लांब दांड्याच्या टोकाची टोपी ज्योतीवर धरतात, ती रीत उत्तम. घरी तशी टोपी नसल्यास काडीने वात द्रव मेणात क्षणभर बुडवून पुन्हा सरळ करावी. धूर होत नाही, आणि मेण मुरलेली वात पुढच्या वेळी चटकन पेटते.

उरलेले तुकडे टाकून देऊ नयेत. पाणी उकळत असलेल्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून त्यात ते वितळवावेत आणि सुती वात लावून ओतावेत. मेणाचे भांडे थेट आचेवर कधीही ठेवू नये. मेण पेटले तर पाणी न ओतता घट्ट झाकण ठेवावे आणि गॅस बंद करावा. आशीर्वादित मेणबत्तीचे अवशेष मात्र कचऱ्यात न टाकता जाळावेत किंवा पुरावेत, अशी ख्रिस्तसभेची जुनी रीत आहे.

आता कपाटातील त्या मेणबत्तीविषयी. ती उभी न ठेवता कागदात गुंडाळून, सपाट जागी आडवी ठेवावी. पत्र्याच्या कपाटाचा वरचा खण उन्हाळ्यात फार तापतो, तो टाळावा. तरीही ती वाकलीच, तर कोमट पाण्यात काही मिनिटे धरून, मऊ झाल्यावर सपाट ओट्यावर तळहाताने अलगद लाटावी. ती सरळ होते. वात मात्र पाण्याबाहेर ठेवावी.