खोट कुणाच्या कुशीची?

भोसरी-तळवड्यापासून चाकणपर्यंतच्या कामगारवस्तीत वर्गणीसाठी हिंडताना पुष्कळ घरांतली दुःखे आमच्या कानी पडतात. त्यांतले एक मात्र दाराआडच कुजबुजले जाते. दोन वर्षांचे मूल मान सावरीत नाही, बोलत नाही, त्याला झटके येतात. आणि सासरची माणसे म्हणतात, ‘हिच्याच कुशीची खोट!’ या आरोपात तथ्य किती, तेवढेच येथे पाहू.

मुलांच्या मेंदूविकारांचा डॉक्टर अशा मुलाला तपासतोच. पण त्याआधी कागदावर तीन पिढ्यांची वंशवेल मांडतो. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे जुनी. त्यामुळे दुहेरी रेघ नवलाची नाही.

कारखान्यात प्रत्येक सुट्या भागाचे ड्रॉइंग असते. शरीरात बहुतेक ड्रॉइंगच्या दोन प्रती असतात, एक बापाकडची, एक आईकडची. पुष्कळदा एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरीवर काम निभते आणि माणूस धडधाकट राहतो. नवराबायको दोघांजवळ त्याच ड्रॉइंगची एकेक बिघडलेली प्रत असेल, तर दर गरोदरपणी दोन्ही बिघडलेल्या प्रती बाळाकडे जाण्याचा संभव चारांत एक. आतेमामे भावंडांचे आजोबा-आजी एकच, म्हणून हा योग अधिक जुळतो. येथे बाप बरोबरीचा वाटेकरी आहे. काही दोष आईकडूनच येतात, काही बाळात नव्यानेच उपजतात, हे खरे. पण त्यांतही अपराध कोणता?

नॉर्वेतल्या एका आईची दोन मुले अशीच मागे पडली होती. त्यांच्या अंगाला, लघवीला चमत्कारिक वास येई. तिने दारे ठोठावणे सोडले नाही. अखेर 1934 साली डॉ. फोलिंग यांनी लघवीत फेरिक क्लोराइड टाकले, तो ती हिरवी झाली! फिनाइलकीटोन्यूरिया हा विकार असा सापडला. आज तो जन्मतःच टाचेच्या रक्तावरून ओळखून विशिष्ट आहार दिला, तर मेंदू वाचतो.

सर्वच विकारांना असा उपाय नाही. तरी दोषाचे नाव कळले की पुढच्या गरोदरपणी तपासणी करता येते, झटक्यांचे औषधही नेमके निवडता येते. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी फुकट होते.

मात्र जनुकांच्या तपासणीत बापाचेही रक्त बहुधा मागतात, आणि घोडे तेथेच अडते. ‘मला काय झालंय?’ म्हणून तो बायकोला एकटीला धाडतो; कंत्राटी असला तर खाडा परवडत नाही. त्या एका दिवसाची पगारी रजा आम्ही आता मागणीपत्रात घालू लागलो आहोत.