सही कोणाची?

विंचूरच्या कांदा बाजारातील व्यापारी गुदाम बांधताना सिमेंट-पत्र्यांचे भाव कसून विचारतो. आराखड्यावर सही करणाऱ्या अभियंत्याचा परवाना मात्र क्वचितच पाहतो. बँकेत असताना एका कर्जप्रकरणात अशा परवान्याची मुदत संपल्याचे माझ्याही लक्षात आले नव्हते. ती चूक अद्याप सलते.

‘वास्तुविशारद’ म्हणवून घेण्यास १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणी लागते. सर्व अभियंत्यांसाठी तसा देशव्यापी परवाना नाही. बांधकाम आराखड्यांसाठी नियोजन प्राधिकरण परवाना देते. १९२० साली स्थापन झालेली इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स पात्र सदस्यांना ‘चार्टर्ड इंजिनिअर’ प्रमाणपत्र देते. आपल्या घरातील अभियंता मुलामुलींनी तेही मिळवावे.

गुदामाच्या छताखाली हमाल राबतात. म्हणून काम सोपविण्यापूर्वी परवान्याचा क्रमांक व मुदत स्वतः पाहावी.