गांजावरील कराचें अर्थकारण

मादक पदार्थाची विक्री कायदेशीर ठेवून तीवर कर बसविणें हा प्रयोग अलीकडचा आहे, असा समज आढळतो. बंगाल्याचा इतिहास पाहतां तो समज टिकत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १७९३ च्या कायद्यानें कंपनी सरकारनें मादक पदार्थांच्या विक्रीवर कर बसविला. पुढें दर दुकानामागें रोजचा कर घेत. तो मालावर नव्हता, दुकानावर होता. ठराविक रक्कम एकदां भरली कीं पुढील प्रत्येक शेर करमुक्त. अर्थात् खप वाढविण्यांतच दुकानदाराचें हित होतें. १८५३ सालीं हा कर उठवून दर शेरीं १ रुपया आकार ठरला. तेव्हां निराळी अडचण उभी राहिली. चपट्या गांजांत काड्या फार, गोल गांजांत कमी, चुऱ्यांत जवळजवळ नाहींत. दर एकच असल्यास निव्वळ चुऱ्यावरील बोजा हलका पडतो. म्हणून पुढें तिन्हींचे दर वेगळे करावे लागले.

वसुलीचें खरें रहस्य मात्र दरांत नसून देखरेखींत होतें. राजशाही जिल्ह्यांत नौगांवच्या आसपास लागवड एकवटली होती; माल गोदामांत ठेवून, कर भरल्यावरच तो दुकानाकडे जाई.

१८९३-९४ सालच्या हेंप ड्रग्ज कमिशननें १,१९३ साक्षी घेतल्या व पूर्ण बंदी अनावश्यक ठरविली. कर भारी असावा, पण लोक चोरट्या मालाकडे किंवा अधिक घातक नशेकडे वळतील इतका नसावा, असा त्याच्या मताचा आशय आहे. मुंबई इलाख्यांत नगर जिल्ह्यांत लागवड होई. तेथें भर विक्रीच्या मक्त्यावर होता. दुकानावरील कराचा जो दोष वर दाखविला, तोच मक्त्यासही लागू पडतो.

कॅनडानें २०१८ सालीं विक्री खुली करून दर ग्रॅमला १ डॉलर किंवा किंमतीच्या १० टक्के, यांतील मोठी रक्कम कर म्हणून ठरविली. पुढें भाव उतरले. ग्रॅमवरील आकार तोच राहिल्यानें किंमतींतील त्याचा वांटा वाढला व कायदेशीर उत्पादक मेटाकुटीस आले. वजनावरील कराची अडचण पुन्हां निराळ्या रूपानें पुढें आली.

सरकारास उत्पन्न हवें असतें व खपही आटोक्यांत हवा असतो. खप आटला कीं उत्पन्न घटतें. हा विरोध कोणत्याही दरानें सर्वस्वी मिटत नाहीं, हें नौगांवच्या इतिहासावरून आम्हांस स्पष्ट दिसतें.