विभाग कोठे उघडतो?
मी डिचोलीचा, मराठी शाळेतून वाणिज्य शाखेकडे आलेला विद्यार्थी. १९६१ पर्यंत हा मार्ग गोव्यात नव्हताच. पणजीत १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती, पोर्तुगीज माध्यमाचे लिसेंव होते, बी. ए., बी. कॉम.ची सोय मात्र नव्हती. मॅट्रिक झालेला मुलगा बेळगाव वा मुंबई गाठी. ऐपत नसलेल्याचे शिक्षण तेथेच थांबे. १९६२ मध्ये पणजीस धेंपे व मडगावास चौगुले महाविद्यालय निघाले; दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. पणजीत धेंपो वाणिज्य महाविद्यालय १९६६ मध्ये आले, गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये. आज डिचोली तालुक्यात साखळीस व पेडणे तालुक्यात विर्नोड्यास शासकीय महाविद्यालये आहेत. विभाग घराजवळ उघडला, की कोणाला शिकता येईल हे घरची ऐपत एकटी ठरवीत नाही.