मागेल त्याला वाहिनी

6 एप्रिल 1965 रोजी अवकाशात गेलेल्या 'अर्ली बर्ड' उपग्रहाची कुवत दूरध्वनीच्या अवघ्या 240 संभाषणांची होती, आणि एका वेळी अटलांटिकच्या दोन तीरांवरील दोनच भूकेंद्रांना त्याचा उपयोग करता येई. पुढे 'इंटेलसॅट' संस्थेत देशांची भर पडू लागली तसा एक पेच उभा राहिला: प्रत्येक जोडीसाठी वाहिन्या कायमच्या मुक्रर कराव्यात, तर ज्यांच्यात क्वचितच बोलणे होई त्यांच्या वाहिन्या ओस पडत आणि त्याच घटकेला वर्दळीच्या मार्गावर गिऱ्हाइके ताटकळत.

या पेचावर अमेरिकेतील क्लार्क्सबर्ग येथील 'कॉमसॅट' कंपनीच्या प्रयोगशाळेने केलेली 'स्पेड' नावाची तजवीज 1970च्या दशकात इंटेलसॅट-4 मालिकेच्या उपग्रहांवर अंमलात आली. एका ट्रान्सपॉन्डरचा, म्हणजे संदेश झेलून परत धाडणाऱ्या उपग्रहावरील यंत्राचा, 36 मेगाहर्ट्झचा पट्टा 45 किलोहर्ट्झच्या सुमारे 800 तुकड्यांत विभागून, त्यांवर कोणाचीही कायम वहिवाट न ठेवता, बोलणाऱ्याने तेवढ्यापुरती वाहिनी घ्यावी आणि बोलणे संपताच ती सरकारजमा करावी, असा हा शिरस्ता होता.

यातले खरे नवल असे की, वाटप करणारा मामलेदार कोठेच नव्हता. मोकळ्या वाहिन्यांची एकच नोंदवही प्रत्येक केंद्राच्या यंत्रात असे. एका सामायिक संकेतवाहिनीवर दर 50 मिलिसेकंदांनी प्रत्येकाला 1 मिलिसेकंदाची पाळी मिळे, आणि त्या पाळीत केंद्र आपली मागणी जाहीर करी. उपग्रह विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंच असल्याने ही मागणी त्याच्याकडून परत ऐकू येईपर्यंत सुमारे पाव सेकंद जाई, आणि तेवढ्या अवधीत दुसऱ्या कोणी त्याच वाहिनीवर हक्क सांगितलेला नसेल, तरच ती आपली समजायची. सर्वांनी यादीतली पहिलीच वाहिनी मागितली असती तर तंटे वारंवार झाले असते. म्हणून वाहिनीची निवड यदृच्छेने होई. शिवाय बोलणारा थांबला की त्याची वाहकलहरही थांबे, आणि उपग्रहाच्या तुटपुंज्या विद्युतशक्तीची बचत होई.

आज संभाषणाची जागा माहितीच्या लाटांनी घेतली आहे. एखादे कार्यालय मिनिटभर स्तब्ध असते आणि दुसऱ्या क्षणी मोठी फाइल पाठवू लागते; त्यामुळे बहुतेक जाळ्यांत वाटपाचा अधिकार आता एका नियंत्रण केंद्राकडे आहे, आणि भार पाहून तेच प्रत्येकाच्या पट्ट्याची रुंदी घटकेघटकेला वाढवते वा घटवते. परंतु मागणी वर जाऊन केंद्राकडे उतरते, आणि मंजुरीही त्याच वाटेने परतते, म्हणून पाव सेकंदाचा अर्धा सेकंद होतो. यासाठी काही हिस्सा हमीचा ठेवतात, काही मागणीच्या वेगानुसार देतात, काही साठलेल्या मजकुराच्या आकारमानानुसार. आणि इतके होऊनही शिल्लक उरलीच, तर कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता ती सर्वांत वाटून टाकतात, कारण उपग्रहावरची न वापरलेली क्षमता उद्यासाठी साठवता येत नाही.