गो-अराउंड म्हणजे टळलेला अपघात नव्हे

उतरायला आलेले विमान धावपट्टीच्या अगदी जवळून, न टेकता पुन्हा वर जाते, त्याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. याची बातमी जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते: ‘मोठी दुर्घटना थोडक्यात टळली, प्रवाशांचा जीव टांगणीला’. कुणाची तरी चूक झाली आणि नशिबाने माणसे वाचली, असा अर्थ वाचक त्यातून काढतो. हा अर्थ चुकीचा आहे आणि तो निरुपद्रवीही नाही.

हवाई वाहतूक नियंत्रणाचे काम मुख्यतः अंतर राखण्याचे असते. रडारवर दिसणाऱ्या दोन विमानांमध्ये प्रवासाच्या टप्प्यात साधारणपणे ५ सागरी मैल, तर विमानतळाच्या आसपास ३ सागरी मैल आडवे अंतर लागते. ते नसेल तर किमान १,००० फूट उभे अंतर हवेच. (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.) मोठ्या विमानाच्या मागे हवेत जोरदार भोवरे राहतात. त्यामुळे पुढे बोइंग ७७७ आणि मागे एअरबस ए३२० असेल, तर उतरतानाही ५ मैल सोडावे लागतात. धावपट्टीचा नियम याहून कडक आहे: पुढचे विमान पट्टीवरून बाहेर पडल्याशिवाय मागच्याने सहसा टेकायचे नाही.

आता मुंबई पाहा. तेथे धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालवता येते. गर्दीच्या तासात त्या एका पट्टीवर चाळीसहून अधिक विमाने चढतात-उतरतात, म्हणजे दर दीड मिनिटाला एक. डिसेंबर २०१८ मध्ये तर २४ तासांत हजाराहून अधिक विमानांची ये-जा येथून झाली. उतरणारे ए३२० शेवटी ताशी २६० किलोमीटरच्या आसपास वेगाने येत असते. अखेरचे ३ सागरी मैल ते सव्वा मिनिटात कापते. एवढ्यात पुढच्या विमानाचा पट्टीबाहेर पडण्याचा पहिला फाटा हुकला आणि त्याला दुसऱ्या फाट्यापर्यंत जावे लागले, की दहा-पंधरा सेकंद वाढतात. टॉवरमधला नियंत्रक पट्टी मोकळी होईल या आशेवर थांबत नाही. तो सांगतो, ‘गो अराउंड’. वैमानिक इंजिनांची शक्ती वाढवतो, नाक वर घेतो, चाके आत ओढतो आणि नकाशात आधीच छापलेल्या मार्गाने, छापलेल्या उंचीपर्यंत जातो. हा मार्ग दोघा वैमानिकांनी खाली यायला लागण्यापूर्वीच एकमेकांना वाचून दाखवलेला असतो. पुढे विमानतळाच्या आसपासची विमाने सांभाळणारा अप्रोच नियंत्रक त्या विमानाला पुन्हा रांगेत घेतो.

आत बसलेल्याच्या पोटात गोळा येतो हे खरे. बरेचसे इंधन जळून हलके झालेले विमान मोठ्या शक्तीने वर जाते, त्यामुळे आवाज आणि चढ दोन्ही जाणवतात. पण वैमानिकांकडून सिम्युलेटरवर ज्या कृती पुन्हा पुन्हा करवून घेतल्या जातात, त्यांपैकीच ही एक आहे. नियंत्रकाने सांगायची वाटही त्यांना पाहावी लागत नाही. ठरलेल्या उंचीवर पट्टी दिसली नाही, वारा फिरला किंवा वेग जास्त राहिला, तर वैमानिक आधी वर जातो आणि मग कळवतो. परवानगीचा प्रश्नच येत नाही.

खरा धोका गो-अराउंड न करण्यात असतो. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान मंगळुरूला उतरताना धावपट्टी ओलांडून दरीत गेले आणि १५८ जण दगावले. चौकशी अहवालानुसार विमान प्रमाणाबाहेर उंचावरून येत होते आणि सहवैमानिकाने तीनदा गो-अराउंड सुचवले होते. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासात असे दिसले की, वेग किंवा उंची बिघडलेल्या अवतरणांपैकी सुमारे ३ टक्क्यांतच वैमानिक परत वर जातात. बाकीचे तसेच उतरतात. मुंबईत ८ जून २०२४ रोजी एक विमान उड्डाणासाठी धावत असताना त्याच पट्टीवर मागून दुसरे उतरले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) चौकशी लावली आणि संबंधित नियंत्रकाला कामावरून दूर ठेवले. तेथे मागच्या विमानाला गो-अराउंड मिळाले असते, तर चौकशीची वेळच आली नसती. पण मग बहुधा ‘थोडक्यात बचावले’ हीच बातमी आली असती! आपण वर गेलो तर गवगवा होईल, ही भीती वैमानिकाच्या मनात शिरणे कुणाच्याच हिताचे नाही. म्हणूनच अनेक कंपन्यांचे धोरण असते की, गो-अराउंडबद्दल वैमानिकाला जाब विचारायचा नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. विहित अंतर कमी झाले म्हणजे धडक होता होता राहिली, असे नसते. पाचऐवजी चार मैल राहिले तरी नियमभंग होतो आणि चौकशीही होते, पण चार मैल म्हणजे सात किलोमीटरांहून जास्त.

घिरट्या घालणारे विमान इंधन संपायच्या बेतात नसते. पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन आणि त्यावर अर्ध्या तासाचा राखीव साठा घेऊनच जेट विमान निघते. घिरटीची एक फेरी साधारण चार मिनिटांची असते आणि एकावर एक थांबलेल्या विमानांत १,००० फुटांचे अंतर असते.

नागपूरला दारे बंद करून उभ्या असलेल्या विमानात ‘मुंबईत गर्दी आहे’ असे सांगितले जाते, ती दर वेळी कंपनीची सबब नसते. हवेत घिरट्या घालण्यापेक्षा जमिनीवर थांबणे स्वस्त आणि सुरक्षित, म्हणून उड्डाणाची वेळच वरून ठरवून दिली जाते.

टॉवरमधून आकाशातली सगळी विमाने सांभाळली जात नाहीत. टॉवरकडे धावपट्टी आणि लगतचा भाग असतो. त्यापुढचे नियंत्रक खिडक्या नसलेल्या खोलीतही बसू शकतात. अरबी समुद्रावर दूरवर रडार पोहोचत नाही, तेथे स्थानाचे अहवाल रेडिओ आणि उपग्रहाद्वारे घेऊन अंतरे बरीच मोठी ठेवली जातात.

प्रत्येक ठिकाणी नियंत्रक विमानतळ प्राधिकरणाचेच असतात, हेही खरे नाही. पुण्यात लोहगावला ते हवाई दलाचे असतात, गोव्यात दाबोळीला नौदलाचे.

शेवटचा समज असा की, नियंत्रकाचा शब्द नेहमीच अंतिम असतो. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. कझाक विमान त्याला दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली आले होते. त्यानंतर भारतात विमानांवर टक्करविरोधी यंत्रणा सक्तीची झाली. १ जुलै २००२ रोजी जर्मनीत युबरलिंगेनजवळ एका रशियन विमानाला हीच यंत्रणा ‘वर जा’ सांगत असताना नियंत्रकाने ‘खाली या’ म्हटले, वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले, दुसऱ्या विमानाशी टक्कर झाली आणि ७१ जणांचा बळी गेला. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय नियम निःसंदिग्ध आहे: यंत्रणेने आदेश दिला, तर वैमानिकाने यंत्रणेचे ऐकायचे आणि ‘आता मोकळे’ असे वैमानिक कळवेपर्यंत नियंत्रकाने त्या विमानाचा मार्ग बदलायचा नाही.