एम. ए. नंतरची पाटी

वर्गात पंधरा वर्षे मराठी शिकवलेल्या एम. ए. बाईने चाळिशी उलटल्यावर पुन्हा परीक्षेला बसावे, ही गोष्ट आमच्या पालमसारख्या तालुक्याच्या गावी लपून राहत नाही. "मॅडम, आता वकील होणार म्हणे!" असे भाजीवालाही विचारतो. सकाळी तासिका तत्त्वावर शिकवावे आणि दुपारी लोह्यावरून नांदेडची एस. टी. धरावी, असा माझा क्रम आहे. घरी मुलगा आणि मी एकाच टेबलाशी अभ्यास करतो; आधी जांभई कोणाला येते, एवढीच स्पर्धा.

कायद्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेची पदवी चालते. राज्याची प्रवेशपरीक्षा मात्र द्यावी लागते. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत तीस वर्षांची वयोमर्यादा होती. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, म्हणून माझ्यासारखीची सोय झाली. तशी ही वाट जुनीच. न्यायमूर्ती रानडे आधी एम. ए. झाले आणि मग १८६६ साली एल्‌एल. बी. महामहोपाध्याय पां. वा. काणे तर आधी शाळामास्तर होते. पुढे वकील झाले, धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला आणि १९६३ साली भारतरत्न ठरले.

मराठीच्या माणसाला कायद्यात पहिली मौज वाटते ती शब्दांची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचे कलम ४२० जाऊन ३१८ झाले. पण बोलण्यातला 'चारशेवीस' कोणत्या संसदेने रद्द करावा? कूळकायद्याची तऱ्हा आणखी निराळी. महाराष्ट्र एक, पण कूळकायदे तीन: पश्चिमेकडे १९४८ चा, विदर्भात १९५८ चा आणि आम्हां मराठवाड्याच्या लोकांना हैदराबाद राज्याचा १९५० चा. निजाम गेला, हैदराबाद राज्यही गेले. कायद्याच्या नावात मात्र हैदराबाद राहिले.

मौजेपलीकडचा धडा वारसाहक्काच्या प्रकरणात मिळाला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा जन्मतः हक्क सांगणारी मिताक्षरा विज्ञानेश्वराने कल्याणीस, म्हणजे आजच्या बसवकल्याणास लिहिली. ते बीदर जिल्ह्यातले गाव आमच्यापासून फार लांब नाही. मुलीला तोच हक्क मिळायला शतके लागली. महाराष्ट्राने तो १९९४ साली दिला, पण आधीच लग्न झालेल्या मुली वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या कायद्याने विवाहित मुलीही त्यात आल्या. आणि त्या तारखेस वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले.

हे मी वाचीत होते त्याच महिन्यात मामा हक्कसोडपत्र घेऊन आईकडे आले. आईचे लग्न १९७५ चे. आजोबांच्या जमिनीची वाटणी कधी झालीच नव्हती. "नुसती सही," मामा म्हणाले. मी कागद आईला सावकाश वाचून दाखवला. जमीन किती, तिचा वाटा किती, आणि एकदा दुय्यम निबंधकाकडे नोंद झाली की ती सहजी फिरवता येत नाही, हेही सांगितले. मामांचा चेहरा उतरला. माझ्याही पोटात कालवले. लहानपणी याच मामांच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली आहे.

आई पुष्कळ वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला जमीन नको असंल तर तसं मीच म्हणंन, दादा. तू कागद लिहून आणू नको."

पदवी मिळाली, सनद मिळाली, तर वकिली चालेल की नाही, देव जाणे. पण माहेर राखण्यासाठी सही करणाऱ्या लेकी आमच्या तालुक्यात घरोघर आहेत. त्यांनी खुशाल हक्क सोडावा; भावावर माया असणे हा काही गुन्हा नव्हे. आपण काय सोडतो आहोत हे मात्र सहीपूर्वी त्यांना कोणीतरी मराठीत वाचून दाखवले पाहिजे. भाऊबीजेच्या ओवाळणीची किंमत भाऊ ठरवतो. बहिणीच्या ओवाळणीची तिला निदान माहीत तरी असावी.